तुम्ही विचारलंत म्हणून: दोनशे युरोंची आयरिश व्हिस्की घ्यावी का?

आयर्लंडमधल्या कॉर्कमध्ये राहतो म्हटलं की पुण्याकडचे मित्र, नात्यातले आणि नात्यात नसलेले काका, सगळे फिरून याच प्रश्नावर येतात. जेमसन आम्हाला माहीत आहे रे, पण ती लाकडी पेटीतली मिडलटन व्हेरी रेअर खरंच तेवढ्या पैशांची आहे का? एकदम स्मूथ असते म्हणतात.

असते. घशाला जराही लागत नाही. पण तेवढ्यासाठीच घ्यायची असेल तर नका घेऊ. कॉर्कजवळच्या मिडलटन गावात जी डिस्टिलरी ही व्हिस्की करते, तीच जेमसनही करते. दोन्ही ब्लेंड. दोन्हींत दोन प्रकारचा माल असतो: मोड आणलेली आणि बिनमोडाची बार्ली मिसळून तांब्याच्या मोठ्या भांड्यांत गाळलेली पॉट स्टिल, आणि उंच कॉलममधून काढलेली हलकी ग्रेन व्हिस्की. तीनदा गाळलेली, धुराचा वास नाही, ताकद ४० टक्के. एवढं जमलं की व्हिस्की मऊ उतरणारच, बाटली तीस युरोंची असो की दोनशेची.

गंमत म्हणजे तो कॉलम सुधारून १८३० मध्ये ज्याने पेटंट घेतलं, तो इनिअस कॉफी डब्लिनमधला अबकारी अधिकारी. डब्लिनच्या बड्या डिस्टिलरांनी तेव्हा नाकं मुरडली, ही कसली व्हिस्की म्हणून. स्कॉटलंडवाल्यांनी तो उचलला आणि त्यावर ब्लेंडचं साम्राज्य उभं केलं.

मग जास्तीचे पैसे जातात कुठे? दारूवरच्या खास करात नाही. आयर्लंडमध्ये दारूवरची एक्साइज ड्यूटी आतल्या अल्कोहोलवर लागते, त्यामुळे ७०० मिलीच्या दोन्ही बाटल्यांवर ती सारखीच, साधारण १२ युरो. खरे पैसे जातात पिंपांत. कायद्याने आयरिश व्हिस्कीला लाकडात तीन वर्षं पुरतात. व्हेरी रेअरसाठी त्याहून कितीतरी जुनी, निवडून काढलेली पिंपं वापरतात, मुख्यतः बर्बन, म्हणजे अमेरिकन व्हिस्की, भरून झालेली अमेरिकन ओकची. पिंपातून वर्षाला सुमारे दोन टक्के माल उडून जातो. वीस वर्षं ठेवा, तिसरा हिस्सा गेलाच म्हणून समजा. शिवाय गोदामाचं भाडं, अडकलेला पैसा. इथपर्यंतची किंमत मला मान्य आहे.

पुढची किंमत नावाची. मिडलटनचे तेव्हाचे मास्टर डिस्टिलर बॅरी क्रॉकेट यांनी १९८४ मध्ये ही व्हिस्की काढली आणि तेव्हापासून दरवर्षी नवी आवृत्ती येते, बाटलीवर साल, नंबर आणि मास्टर डिस्टिलरची सही. ते साल बघून लोक फसतात. ते आवृत्तीचं साल असतं, व्हिस्की गाळल्याचं नव्हे. व्हिस्की किती वर्षांची, हा आकडा बाटलीवर नसतोच. एक वर्षही चुकवायचं नाही म्हणून ओळीने बाटल्या जमवणारे लोक इथे आहेत. ते यातली किती पितात कोण जाणे, पण किंमत तेही चढवतात.

चवीचं विचाराल तर मध, व्हॅनिला, पिकलेलं सफरचंद आणि शेवटी पॉट स्टिलचा तो मिरमिरीत झणका, जो जेमसनमध्ये आला म्हणेपर्यंत जातो आणि इथे गिळल्यावरही बराच वेळ जिभेवर रेंगाळतो. फरक आहे आणि तो कळतो. माझ्या हिशेबाने जेमसनपेक्षा दुप्पट चांगली. किंमत मात्र सातपट.

माझे पैसे मी रेडब्रेस्ट १२ या व्हिस्कीवर घालतो. तीही मिडलटनचीच, पण ब्लेंड नव्हे, निव्वळ पॉट स्टिल, शेरी या स्पॅनिश वाइनच्या पिंपांचा सुका मेवा घेऊन आलेली. वयाचा आकडा बाटलीवर छापलेला आणि किंमत सत्तर युरोंच्या आसपास. ब्लेंडच हवं असेल तर उत्तरेकडच्या बुशमिल्सची ब्लॅक बुश घ्या. तिच्यात माल्ट, म्हणजे निव्वळ मोड आणलेल्या बार्लीची व्हिस्की, भरपूर, आणि किमतीचा तर प्रश्नच नाही.

तरीही मिडलटनच डोक्यात बसली असेल, तर आधी इथल्या पबमध्ये एक पेग घ्या. इथला पेग ३५.५ मिलीचा, म्हणजे बाटलीत वीसही भरत नाहीत. पाण्याचे दोन-चार थेंब घाला, बस्स. बर्फाने पेला भरून वर सोडा ओतणार असाल आणि सोबत लसणीची शेव असेल, तर मिडलटन आणि जेमसन मीसुद्धा ओळखू शकणार नाही.

भेट द्यायची असेल तर माझं उत्तर बदलतं. निवृत्त होणाऱ्या साहेबांना त्याच सालची बाटली दिली तर लाकडी पेटी, नंबर, सही, सगळं कामी येतं. फक्त विमानतळावर मोजून घ्या, भारतात माणशी दोन लिटरच ड्यूटीशिवाय नेता येते आणि तुमच्या मित्रांच्या याद्या त्याहून लांब असतात.