कॅम्परच्या दारातली खिडकी: काच नंतर, जाडी आधी

कॅम्परच्या, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाडीच्या, दाराला खिडकी लावायची किंवा जुनी बदलायची ठरलं की लोक आधी काच शोधायला लागतात. सुरुवात खरं तर दाराच्या जाडीपासून करायला हवी. हे दार भरीव नसतं. बाहेरून फायबरग्लासचा किंवा ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, आतून तसाच पत्रा किंवा पातळ प्लाय, मध्ये फोम आणि कडेने ॲल्युमिनियमची चौकट. खिडकीचेही बहुधा दोन भाग असतात: काच धरणारी बाहेरची फ्रेम आणि आतली रिंग. आतून मारलेले स्क्रू या दोघींना एकमेकींकडे ओढतात आणि दार मध्ये चिमटलं जातं. खिडकी टिकते ती या चिमट्यावर. सीलंटचं काम फक्त पाणी अडवायचं.

म्हणून ऑर्डर देण्याआधी जाडी कॅलिपरने मोजा आणि रिंग नेमकी त्याच जाडीची आहे ना ते बघा. दार रिंगच्या मापापेक्षा पातळ असेल तर फ्रेम आणि रिंग एकमेकींना आधीच टेकतात. स्क्रू घट्ट लागल्यासारखे वाटतात, पण फ्रेम आणि दार यांच्यामधली ब्युटाइल टेप (पाणी अडवणारी मऊ, चिकट पट्टी) दबलेलीच नसते. अशी खिडकी खडखडते आणि पहिल्या जोरदार पावसात गळते. दार जाड निघालं तर स्क्रू पोचत नाहीत. तिथे लांब स्क्रू वापरायचा मोह टाळा, कारण त्याचं टोक काचेच्या कडेला भिडू शकतं आणि टफन्ड (तापवून कणखर केलेल्या) काचेला कडेवरचा घाव सोसत नाही, सगळी एकदम चुरा होते.

दुसरं माप भोकाचं. कॅटलॉगमध्ये कधी फ्रेमचं बाहेरचं माप दिलेलं असतं, कधी भोकाचं; ऑर्डर भोकाच्या मापानेच द्या. रुंदी आणि उंची तीन-तीन ठिकाणी मोजा, दोन्ही कर्ण मोजा, कोपऱ्यांची गोलाई पुठ्ठ्यावर उतरवून घ्या. फ्रेमभोवती सगळीकडून २-३ मिमी मोकळं राहिलं पाहिजे. टफन्ड काच नंतर कापता येत नाही आणि तिला भोकही पाडता येत नाही, त्यामुळे नुसती काच बदलणार असाल तर माप चुकून चालत नाही.

वजनाची काळजी फारशी करू नका. काचेचं वजन दर चौरस मीटरला, दर मिमी जाडीमागे २.५ किलो, म्हणजे ३०० × ५०० मिमीची ४ मिमी काच दीड किलोची. बिजागऱ्या आधीच ढिल्या असतील तर मात्र त्या आधी दुरुस्त करा.

नवीन भोक पाडताना जागा निवडायला वेळ द्या. दार पूर्ण उघडून गाडीच्या अंगाला टेकवून बघा, नाहीतर फ्रेम तिथे दार अडकवायच्या कडीवर आपटेल. आतलं जाळीचं दार, कुलपाचा डबा आणि चौकटीच्या आडव्या पट्ट्या टाळा. रेघेवर मास्किंग टेप लावा, कोपऱ्यांना भोकं पाडा आणि बारीक दातांच्या जिगसॉने कापा. साधं पातं वरच्या बाजूचा पत्रा किंवा जेलकोट (फायबरग्लासवरचा चकचकीत थर) उचकटतं, म्हणून खाली कापणारं पातं घ्या. करवतीच्या बुडालाही टेप लावा, नाहीतर दारावर ओरखडे उमटतील.

आता ज्या पायरीला बहुतेक जण फाटा देतात ती. कापलेल्या कडेत उघडा फोम दिसतो. स्क्रू आवळले की तो दबतो, पत्रा आत वाकतो आणि टेप जागोजागी सुटते. त्यावर उपाय म्हणजे कडेचा फोम २०-२५ मिमी खोल खरवडून काढायचा आणि दोन पत्र्यांमधल्या अंतराइतक्या जाडीच्या लाकडी पट्ट्या इपॉक्सी लावून चारही बाजूंनी बसवायच्या. जुनी खिडकी काढल्यावर कडेचं लाकूड काळं पडलेलं किंवा फोम ओला दिसला, तरी हेच करायचं. आधी पूर्ण वाळवून.

जुनं सीलंट प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडा, राहिलेलं ब्युटाइल टर्पेन्टाइनने पुसा आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवा. खिडकी ॲक्रिलिकची असेल तर ही दोन्ही द्रावणं तिच्यावर पडू देऊ नका, बारीक तडे जातात, साबणपाणी पुरे. जुनं सिलिकॉन सर्वांत त्रासदायक. त्याचा तेलकट थर राहिला तर त्यावर काहीही चिकटत नाही, नवं सिलिकॉनसुद्धा नाही.

ब्युटाइल टेप ३ मिमी जाड आणि साधारण २० मिमी रुंद घ्या. फ्रेमच्या ओठावर न ताणता लावा. ताणलेली टेप नंतर आखडते. सांधा खालच्या बाजूला ठेवा. थंडीत टेप कडक होते, आधी कोमट करून घ्या. एकाने बाहेरून फ्रेम दाबून धरायची, दुसऱ्याने आतून स्क्रू लावायचे, समोरासमोरचे आळीपाळीने, हातानेच. ड्रिलने आवळले की ॲल्युमिनियममधले आटे जातात. टेप सगळीकडून थोडी बाहेर डोकावली की थांबा. एक-दोन दिवसांनी पुन्हा अर्धा-पाव आटा द्या आणि बाहेर आलेली टेप तेव्हाच कापा.

वरून सीलंटची रेघ ओढायचीच असेल तर वर आणि दोन्ही बाजूंना. खालची कड आणि फ्रेममधली निचऱ्याची भोकं मोकळी ठेवा, नाहीतर आत शिरलेलं पाणी दारातच मुरेल. चाचणीला पाइपने खालून वर जात प्रत्येक भागावर काही मिनिटं पाणी सोडा, म्हणजे गळती कुठल्या उंचीवर आहे ते लगेच कळतं.