आधी किरण, मग शस्त्रक्रिया : मेंदूतल्या एव्हीएमचा माझा अनुभव

‘गॅमा नाईफ फेल गेलं का हो?’ ऑपरेशनची तारीख ठरल्यावर जो तो हेच विचारत होता. फेल गेलं नव्हतं. गॅमा नाईफ म्हणजे मेंदूवरचा किरणांचा उपचार. तो आधी झाला होता म्हणूनच माझं ऑपरेशन होऊ शकलं. ज्यांच्या घरात एव्हीएमचं, म्हणजे मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या गुंत्याचं, निदान नुकतंच झालंय, त्यांना हे कळावं म्हणून लिहिते आहे.

धमनीतलं रक्त बारीक केशवाहिन्यांतून जाताना त्याचा जोर कमी होतो आणि मग ते शिरेत उतरतं. एव्हीएममध्ये मधल्या केशवाहिन्याच नसतात. धमन्या आणि शिरा थेट एकमेकींना जोडलेल्या असतात, त्यांचा गुंता झालेला असतो. आमच्याकडे सांगलीच्या बाजूला कालव्याचं पाणी चारी-पाट सोडून सरळ वाफ्यात सोडलं तर वरंबा फुटणारच, तसं ते. माझा वरंबा शाळेत फुटला. फळ्यावर लिहिताना उजवा हात लुळा पडला, पाठोपाठ फिट आली. सीटी स्कॅनमध्ये डाव्या बाजूला रक्तस्राव दिसला.

पुढे मुंबईत डीएसए झाली. मांडीतून नळी घालून मेंदूतल्या रक्तवाहिन्यांची चित्रं घेतात, ती तपासणी. ऑपरेशन किती अवघड आहे, याचे गुण न्यूरोसर्जननी कागदावर मांडून दाखवले. १९८६पासून वापरात असलेली ही पद्धत आहे, स्पेट्झलर-मार्टिन नावाची. गुंता तीन ते सहा सेंटिमीटरचा असेल तर दोन गुण, मेंदूच्या महत्त्वाच्या भागात असेल तर एक, रक्त खोलवरच्या शिरेत जात असेल तर आणखी एक. माझा गुंता सव्वातीन सेंटिमीटरचा, हाताची हालचाल चालवणाऱ्या भागाला खेटून, आणि त्याची एक शीर खोल गेलेली. एकूण चार. सर्वांत अवघड पाच.

“ताई, आज उघडलं तर खोलचा भाग काढताना उजवा हात जाण्याची भीती आहे,” ते म्हणाले. “आधी किरणांनी तो भाग बंद होतो का बघू.”

भाच्याने इंटरनेटवर २०१४ साली छापलेला ‘अरुबा’ नावाचा अभ्यास शोधला होता. त्यात नुसत्या औषधांवर ठेवलेले रुग्ण उपचार केलेल्यांपेक्षा बरे राहिले होते. डॉक्टरांनी शांतपणे समजावलं, की तो अभ्यास कधीच न फुटलेल्या एव्हीएमचा आहे. तुमची एकदा फुटली आहे. हा फरक फार मोठा आहे. म्हणून सांगते, आपल्या रिपोर्टला काय लागू होतं ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय असलं काही वाचून निर्णय घेऊ नका.

गॅमा नाईफमध्ये चाकू नसतो. स्वीडनच्या लार्स लेक्सेल यांनी १९६८ साली स्टॉकहोममध्ये हे यंत्र पहिल्यांदा वापरात आणलं. कोबाल्ट-६०चे जवळपास दोनशे बारीक किरण एकाच बिंदूवर येतात. एकटा किरण वाटेतल्या मेंदूला फारशी इजा करत नाही. सकाळी भूल टोचून डोक्याला फ्रेम बसवली. चार स्क्रू आवळताना दाब जाणवतो, तेवढंच काय ते कठीण. फ्रेमसकट एमआरआय, अँजिओग्राफी, मग यंत्रात निजायचं. दुसऱ्या दिवशी घरी.

आणि त्यानंतर काहीच होत नाही! खरी परीक्षा इथे असते. किरणांमुळे रक्तवाहिनीचं आतलं अस्तर हळूहळू जाड होतं आणि पोकळी बुजत जाते. त्याला दोन-तीन वर्षं लागतात, आणि गुंता पूर्ण बंद होईपर्यंत फुटण्याचा धोका कायम असतो. एरवी तो वर्षाला शंभरात दोन ते चार जणांना असतो; एकदा फुटलेल्याला त्याहून जास्त. साधं डोकं दुखलं तरी आमच्या घरात सगळे जागे. फिटच्या गोळ्या रोज, स्कूटर बंद, रक्तदाबाची वही. वर्षभराने एमआरआयमध्ये सूज दिसली, हाताला मुंग्या येऊ लागल्या. किरणांचा हा माहीत असलेला परिणाम आहे, असं सांगून स्टेरॉइड दिलं, सूज उतरली. त्या काळात माझे यजमान माझ्यापेक्षा जास्त थकले. काळजी घेणाऱ्यालाही कुणीतरी विचारायला हवं, हे मला तेव्हा फार जाणवलं.

तीन वर्षांनी पुन्हा डीएसए. खोलचा भाग बुजला होता, ती खोल शीरही बंद. वरचा तुकडा मात्र चालूच, तीन सेंटिमीटरच्या आत. तोच हिशोब पुन्हा मांडला : आकाराचा एक, जागेचा एक. चारचे दोन झाले होते. पुन्हा किरण देता आले असते, पण म्हणजे पुन्हा तेवढीच वर्षं टांगती तलवार. शिवाय किरण घेतलेला गुंता काढताना रक्त कमी जातं, असं सर्जनांचं म्हणणं. मी ऑपरेशन निवडलं.

कवटीचा तुकडा उघडून आधी रक्त आणणाऱ्या धमन्या एकेक करून बंद करतात, गुंता सोडवतात आणि शीर सगळ्यात शेवटी. ती आधी बंद झाली तर आत आलेल्या रक्ताला वाट उरत नाही. नंतर आयसीयूत रक्तदाब मुद्दाम खाली धरून ठेवतात. जागी झाले तेव्हा उजवी बोटं हलत होती, पण पकड नव्हती. फिजिओथेरपीवाल्या मॅडमनी ओल्या कणकेचा गोळा मळायला लावला, शर्टाची बटणं लावायला लावली. पकड आठवड्या-आठवड्याने परत आली.

घरी सोडण्याआधीच्या डीएसएमध्ये गुंत्याचा मागमूस नव्हता. फिटच्या गोळ्या चालू आहेत. डॉक्टर त्या सावकाश कमी करणार आहेत. जुन्या सगळ्या स्कॅनच्या सीडी मी एका पिशवीत ठेवल्यात. तुम्हीही ठेवा, दुसरा उपचार ठरवताना पहिल्याच्या आधीची चित्रं लागतातच.