नावातही चिमणीच

केरळातल्या इरविकुलम राष्ट्रीय उद्यानातल्या राजमलाला सगळे ताहर, म्हणजे डोंगरातल्या रानशेळ्या, शोधायला येतात. शोधायचं कसलं, ते रस्त्याच्या कडेला शेळ्यांसारखे चरत होते आणि त्यांच्याबरोबर फोटो काढायला गर्दी उसळली होती. मी कठड्याला टेकून जरा दम खात होतो. एवढ्यात गवताच्या झुबक्यातून एक तपकिरी पाखरू तुरुतुरु पळत बाहेर आलं. थांबलं, शेपूट वरखाली केली, पुन्हा पळालं. छातीपासून पार कुशीपर्यंत गडद रेघा. पेन चालतंय का बघायला आपण वहीच्या मागच्या पानावर ओढतो ना, तशा.

"चिमणी!" मुलगी म्हणाली आणि ताहरांकडे वळली.

तिचं काय चुकलं? आमच्या घराण्यात लहान आणि तपकिरी म्हणजे चिमणीच. साताऱ्याच्या घरी एक चिमणा रोज आरशावर चोच आपटायचा. आजी म्हणायची, "त्याला वाटतं दुसरा आलाय घर बळकवायला." मग आरशावर पंचा पडायचा तो चांगला महिनाभर, आणि काका अंदाजाने दाढी करायचे. हनुवटीला कापूस चिकटवून ऑफिसला गेलेले मला आठवतात. पंचा काढायची मात्र कुणाची छाती नव्हती.

तर हे पाखरू. वनखात्याचा माणूस जाता जाता म्हणाला, "नीलगिरी पिपिट." मराठीत पिपिटला तिरचिमणी म्हणतात, म्हणजे नावातही चिमणी आलीच. पण ही चिमणी जगात फक्त दक्षिणेतल्या या उंच डोंगरांवर, माथ्यावरच्या गवतात राहते. मुख्यतः निलगिरी आणि अनैमलै, बस्स. घरटंही गवतातच, जमिनीवर. आणि गवत म्हणजे आपल्या लेखी रिकामी जागा. इंग्रजांच्या काळापासून तिथे ऑस्ट्रेलियातून आणलेली झाडं लावली गेली: वॅटल आणि निलगिरी. निलगिरीच्या पाखराला निलगिरीच नडली. सर्दी झाली की मी ज्याचे दोन थेंब रुमालावर घेतो, ते तेल याच झाडाचं. त्याचा वास मला आवडतो, अजूनही आवडतो. आता काय करणार!

धुकं आलं. पाखरू उडून एका झुडपाच्या शेंड्यावर बसलं, मग झुडूपच दिसेना.

रात्री बायकोनं विचारलं, "तू एकटाच काय बघत बसला होतास रे तिथे?"

दिवसभर चालून पाय दुखत होते.

"चिमणी," म्हणालो आणि दिवा मालवला.