जर्मनीच्या ऑर्डरी मोजल्या जातात, सोलापूरच्या कधी?

जर्मनीत दर महिन्याला एक आकडा येतो. तिथल्या कारखान्यांकडं नवीन ऑर्डरी किती आल्या, आदल्या महिन्यापेक्षा किती टक्के जास्त किंवा कमी, एवढंच. डिसेंबरचा आकडा फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे उशिराच, पण येतो, न चुकता येतो. मी सोलापुरात एका टॉवेल युनिटचं ऑर्डर बुक सांभाळतो आणि हा आकडा आवर्जून वाचतो, आणि ओळखीचे लोक विचारतात की तुला काय करायचंय जर्मनीचं. तर ते आज जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे धंद्यात सगळ्यात आधी येते ती ऑर्डर. आमच्याकडं ऑर्डर पक्की झाली की पहिला फोन सूतवाल्याला, मग डाईंगला, मग वार्पिंग होऊन बिम (ताण्याच्या धाग्यांचे रूळ) तयार होतात, मग माग चालतात, मग कटिंग, शिलाई, पॅकिंग, आणि माल गाडीत चढतो तेव्हा कुठं बिल फाटतं. सरकारचा उत्पादनाचा आकडा माग चालल्यावर तयार होतो, बाकी विक्री, निर्यात, नफा हे सगळं त्याच्याही मागून. म्हणजे आज माग खडखडतायत ते जुन्या ऑर्डरीवर, आणि आज नवीन ऑर्डर आली नाही तर ते बाहेरच्या माणसाला कळायला अजून दोन-तीन महिने जाणार. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत मात्र ते त्याच आठवड्यात कळतं, कारण सुताची गाडी यायची थांबते. म्हणून तर इथं कारखानदार एकमेकांना भेटले की पहिला प्रश्न, "काय अण्णा, ऑर्डर हाय का?" उत्पादन किती झालं असं कुणी विचारत नाही.

२०२५ चं उदाहरण घ्या. अमेरिकेनं आपल्या मालावर ७ ऑगस्टपासून २५ टक्के आणि २७ ऑगस्टपासून अजून २५, असं मिळून ५० टक्के जादा शुल्क लावलं. त्याच्या आधी बायर मागं लागलेले की माल लवकर काढा, तारखेच्या आत जहाजात चढू दे, त्यामुळं तेव्हा दोन्ही पाळ्या फुल, डिस्पॅच जोरात, आणि कुणी नुसतं उत्पादन बघितलं असतं तर म्हणाला असता की काय झकास चाललंय. आणि नेमकं त्याच वेळी ऑर्डर बुकाची पुढची पानं कोरी होती. नवीन ऑर्डर होल्ड, सॅम्पल पास झालेलं तरी होल्ड, रंग ठरलेले तरी होल्ड. एकाच महिन्यात उत्पादन वर आणि ऑर्डर खाली, आणि यातलं पुढचं सांगणारा आकडा दुसरा होता. माग एका पाळीवर आले की कामगाराच्या घरचा हिशोब लगेच बदलतो, सोलापुरात कितीतरी घरांत मग बाईच्या विड्यांवरच सगळं येऊन पडतं. हे दोन महिने आधी माहीत असणं आणि दोन महिन्यांनी पेपरात वाचणं यात फार मोठा फरक आहे हो.

पण म्हणून एका महिन्याच्या आकड्यावर उड्या मारायच्या नाहीत, हेही मी जर्मनीकडूनच शिकलो. डिसेंबर २०२३ मध्ये तिथल्या ऑर्डरी ८.९ टक्क्यांनी वाढल्या अशी बातमी आली, मोठी हेडलाईन. त्यात विमानांच्या मोठ्या ऑर्डरी होत्या. तिथलं सांख्यिकी खातं मोठ्या ऑर्डरी वगळूनही एक आकडा देतं, आणि तो बघितला तर त्याच डिसेंबरात २.२ टक्के घट! पुढच्या महिन्यात ते ८.९ सुधारून १२ झालं आणि जानेवारीत ११.३ टक्क्यांची आपटी, परत हेडलाईन, जर्मनी बुडाला. मोठ्या ऑर्डरी बाजूला काढल्या तर जानेवारीची घट फक्त २.१ टक्के. म्हणजे दोन्ही महिने तिथला नेहमीचा धंदा सावकाश उतरत होता, एवढीच खरी गोष्ट. वर-खाली जो काही झोका दिसला तो विमानांचा. मोठी ऑर्डर आलेल्या एका महिन्यावरून वर्षाचा अंदाज बांधणं म्हणजे लग्नाच्या महिन्याच्या किराण्यावरून घरखर्च ठरवणं.

अमेरिकेतही हेच, जुलै २०१४ मध्ये टिकाऊ वस्तूंच्या ऑर्डरी एकदम २२.६ टक्के वाढल्या, सगळी बोइंगची कृपा, आणि पुढच्याच महिन्यात १८ टक्क्यांच्या आसपास घसरल्या. म्हणून जाणकार लोक तिथं संरक्षण आणि विमानं सोडून यंत्रसामग्रीच्या ऑर्डरी बघतात, जपानवाले यंत्रांच्या ऑर्डरींतून जहाजं आणि वीज कंपन्या वगळतात. आणि तीन महिन्यांची बेरीज आधीच्या तीन महिन्यांशी लावून बघायची, हे सगळ्यात चांगलं.

दुसरी भानगड कॅलेंडरची. आपल्याकडं तर हे फारच, कारण दिवाळी कधी ऑक्टोबरात कधी नोव्हेंबरात. २०२२ चं लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होतं, २०२३ ला अधिक श्रावण आला आणि ते गेलं १२ नोव्हेंबरला. मग काय झालं, ऑक्टोबर २०२३ चा औद्योगिक उत्पादनाचा निर्देशांक वर्षभरापूर्वीच्या मानानं ११.७ टक्के वर, आणि नोव्हेंबरचा जेमतेम २.४. देशातले कारखाने काही महिन्याभरात ढेपाळले नव्हते, सुट्ट्या इकडून तिकडं गेल्या होत्या. जर्मनीचा आकडा हंगाम आणि कामाचे दिवस यांचा हिशोब करूनच देतात. आपण मात्र गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करतो आणि पंचांग विसरतो.

तिसरी गोष्ट भावाची, आणि कापडाच्या लाईनमध्ये तर ही सगळ्यात जास्त फसवते. मे २०२२ मध्ये कापूस खंडीला (साधारण ३५६ किलोला) १ लाखाच्या वर गेला होता, सूत कडाडलं, तेव्हा रुपयांत ऑर्डर बुक फुगलेलं दिसायचं आणि किलोत बघितलं की आटलेलं. अमेरिकेचा ऑर्डरींचा आकडा असाच रोख रकमेत असतो, महागाई त्यातून काढत नाहीत. जर्मनी काढतं. त्यामुळं दोन देशांचे टक्के एकमेकांशेजारी ठेवून तुलना करणारे लेख दिसले की मला चीड येते.

आता आपल्याकडचं. आपल्या देशात दर महिन्याला ऑर्डरी मोजणारा सरकारी आकडा नाही. औद्योगिक उत्पादनाचा निर्देशांक आहे, तो उत्पादनाचा, आणि २०११-१२ पायाभूत धरलेल्या मालिकेत अख्ख्या कापड उद्योगाचं वजन साधारण ३.३ टक्के. रिझर्व्ह बँक ऑर्डर बुकांची पाहणी करते, चांगली करते, पण तिमाहीला. पीएमआय, म्हणजे कंपन्यांच्या खरेदी व्यवस्थापकांना विचारून काढलेला निर्देशांक, दर महिन्याला येतो आणि त्यात नवीन ऑर्डरींना सगळ्यात जास्त म्हणजे ३० टक्के वजन आहे, पण तो साधारण ४०० कंपन्यांना वाढलं, घटलं की तेवढंच असं विचारून काढलेला, ५० च्या वर म्हणजे वाढ. किती वाढलं ते त्यात नसतंच. आणि या सगळ्यात सोलापूरच्या छोट्या यंत्रमागवाल्याचा आवाज कुठं शोधणार?

आता हे बघा. इथल्या एखाद्या कारखानदारानं टेरी टॉवेलसाठी जर्मनीहून नवीन रेपियर लूम (धोट्याशिवाय चालणारा माग) मागवला, तर ती ऑर्डर तिकडं 'युरो क्षेत्राबाहेरची परदेशी ऑर्डर' या रकान्याची, महिन्याच्या महिन्याला जगासमोर येणाऱ्या आकड्यात बसणारी. पण ज्या टॉवेलच्या ऑर्डरीच्या जोरावर त्यानं लूम घ्यायची हिंमत केली, ती टॉवेलची ऑर्डर आपल्याकडच्या कुठल्याच मासिक आकड्यात नाही. सोलापुरी चादरीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, टेरी टॉवेलला आहे, नाव जपलं ते चांगलंच झालं. पण पुढच्या तीन महिन्यांत त्या नावाला काम किती आहे हे बँकेला माहीत नाही, सूतगिरणीला माहीत नाही, आणि कामगाराला तर शेवटी कळतं. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण हे मोजणं अजिबात अवघड नाही.

अमेरिकेचं जनगणना खातं नवीन ऑर्डर काढतं ते असं: महिन्यात गेलेला माल, अधिक महिनाअखेरची शिल्लक ऑर्डर, वजा महिन्याच्या सुरवातीची शिल्लक ऑर्डर. बास. रद्द झालेली ऑर्डर यात आपोआप वजा होते. मी आमच्या युनिटचं असंच काढतो, टॉवेलचं किलोत, चादरीचं नगात, आणि हॉटेलची वगैरे एखादी मोठी ऑर्डर असली तर ती वेगळी लिहितो.

इथल्या कारखानदारांनी ठरवलं तर प्रत्येकानं दर महिन्याच्या ५ तारखेला फक्त हे तीन आकडे एका ठिकाणी द्यायचे. पार्टीचं नाव नको, रेट नको, कुणाचं गुपित फुटत नाही. दुसऱ्याचं काम मजुरीवर करणाऱ्या जॉबवर्कवाल्यानं आपली ऑर्डर धरायची नाही, ज्याच्या नावावर पीओ (बायरची लेखी ऑर्डर) आहे त्यानंच धरायची, नाहीतर एकच टॉवेल दोनदा मोजला जाईल. तीन महिन्यांची सरासरी लावली की झालं. इचलकरंजी, मालेगाव किंवा भिवंडीत कुणी असं काही आधीच करत असेल तर कसं करता ते मला नक्की कळवा.