होळकर स्टेडियम असताना फुटबॉलला वेगळं कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आमच्या ऑफिसात एका फुटबॉल क्लबच्या स्टेडियमचे नकाशे चालू आहेत, बारा हजार खुर्च्यांचे. हे कुणाला कळलं की लग्नात, सराफ्यात, लिफ्टमध्ये एकच प्रश्न येतो. मराठी काका विचारतात, "अगं, होळकर आहे ना आपलं? मग फुटबॉलला वेगळं कशाला?" इतर इंदुरी मंडळी "दीदी, होलकर है तो सही!" म्हणून मोकळी होतात. होळकर म्हणजे आमच्या इंदूरचं क्रिकेटचं स्टेडियम. खर्चाच्या बाजूने पाहिलं तर प्रश्न रास्त आहे. अडचण आहे ती अंतराची.

फुटबॉलचं मैदान १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद. म्हणजे मधल्या बिंदूपासून बाजूची रेषा ३४ मीटरवर. आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये सीमारेषा खेळपट्टीच्या मध्यापासून साधारण ६० ते ८२ मीटरच्या दरम्यान असते. आपण ६५ धरू. बाजूला एकतीस मीटर नुसतं गवत उरलं. बास्केटबॉलचं अख्खं कोर्ट, २८ मीटरचं, त्यात आडवं बसतं. त्यापलीकडे दोरीमागची पट्टी, मग जाळी, मग कुठे पहिली रांग. क्रिकेटला हे चालतं, कारण दोन चेंडूंच्या मध्ये वेळ असतो आणि पडद्यावर रिप्ले येतो. फुटबॉलमध्ये तुम्ही पडद्याकडे मान वळवलीत की गोल होऊन गेलेला असतो.

इटलीत तुरीनला हेच झालं. १९९० च्या विश्वचषकासाठी तिथे देल्ले आल्पी नावाचं स्टेडियम बांधलं, सुमारे ६९ हजारांचं, मैदानाभोवती धावपट्टी असलेलं. युव्हेंटससारखा क्लब तिथे खेळायचा आणि तरी ते कधी आपलंसं झालं नाही. शेवटी ते पाडलं आणि त्याच जागी २०११ मध्ये नवं उभं केलं, सुमारे ४१ हजारांचं. एवढा मोठा क्लब खुर्च्या कमी करतो आणि लोकांना रेषेजवळ आणून बसवतो, हे मी आमच्या बारा हजारांना नाकं मुरडणाऱ्यांना आवर्जून सांगते.

बरं, जवळ आणायचं म्हणजे खुर्च्या पुढे सरकवायच्या, एवढंच असतं तर मंडपवाल्यानेही केलं असतं. खरी मेहनत नजरेच्या रेषेत आहे. तुमची नजर बाजूच्या रेषेवर जाताना पुढच्या माणसाच्या डोळ्यांच्या किती मिलिमीटर वरून जाते, त्याला आम्ही सी-व्हॅल्यू म्हणतो. १२० असेल तर उत्तम, ९० ला चालतं, ६० म्हणजे नाइलाज. आता गंमत बघा. पहिल्या रांगेतला डोळा मैदानापासून दोन मीटर उंच, रांगेची खोली ८० सेंटिमीटर आणि सी-व्हॅल्यू ९० धरा. रांग रेषेपासून ३७ मीटर लांब असेल तर मागची रांग जेमतेम साडेतेरा सेंटिमीटर उचलावी लागते. तीच रांग सहा मीटरवर आणा, आता ३७ सेंटिमीटर लागतात. घरातल्या जिन्याच्या दोन पायऱ्यांपेक्षा जास्त! म्हणून लांबून बघण्यासाठी बांधलेल्या स्टँडपुढे चार रांगा वाढवून फुटबॉलचं स्टेडियम होत नाही. तो उतारच निराळा असतो.

शिवाय ही उंची सगळीकडे सारखी राहत नाही. वर जाल तशी प्रत्येक रांग आधीच्या रांगेपेक्षा किंचित जास्त उचलावी लागते. हिशेबाने काढला तर स्टँडचा उभा छेद, म्हणजे बाजूने दिसणारा उतार, सरळ येत नाही, वक्र येतो. हे सेंटरिंगवाल्याला, म्हणजे काँक्रीटचे साचे ठोकणाऱ्याला, सांगून बघा. चाळीस रांगांच्या चाळीस उंच्या ऐकून ठेकेदार आधी हसतो, मग दर वाढवतो. तडजोड म्हणून काही रांगा एका उंचीच्या, पुढच्या काही दुसऱ्या, असे टप्पे पाडतो आम्ही. आणि उतार ३४ अंशांच्या पुढे न्यायचा नाही. त्यापुढे माणसाला खाली बघताना पोटात गोळा येतो.

दुसरं भांडण मातीचं. क्रिकेटची खेळपट्टी चिकणमातीची, रोलर फिरवून दगडासारखी केलेली. फुटबॉलला गवताखाली वाळू हवी, पाणी सरसर खाली जायला. एकाच मैदानात दोन्ही ठेवायचं तर दर हंगामात कुणीतरी कुणाचं तरी गवत उकरणार. कोचीला २०१८ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्धचा एकदिवसीय सामना ठरला, तेव्हा सतरा वर्षांखालच्या विश्वचषकासाठी केलेलं फुटबॉलचं मैदान खणलं जाईल म्हणून ओरड झाली. सामना तिरुवनंतपुरमला हलवावा लागला. दिशेच्या बाबतीत मात्र दोन्ही खेळांचं पटतं. लांबी उत्तर-दक्षिण ठेवायची, म्हणजे संध्याकाळचा सूर्य थेट डोळ्यांत येत नाही. मुख्य स्टँड आणि कॅमेरे पश्चिमेला.

जिन्यांबद्दल कुणी विचारत नाही, पण मी सांगणारच. रंगपंचमीच्या गेरला, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीला, इंदुरात राजवाड्यापुढे जो लोंढा असतो तो तासन् तास रेंगाळत पांगतो. सामना एका शिट्टीवर संपतो आणि सगळे एकदम उठतात. ब्रिटनमध्ये मैदानांच्या सुरक्षेची मार्गदर्शिका आहे, ग्रीन गाइड. तिचा हिशेब असा: मीटरभर रुंदीच्या जिन्यावरून मिनिटाला ६६ माणसं उतरतात आणि स्टँड आठ मिनिटांत रिकामा व्हायला हवा. म्हणजे एका मीटरमागे ५२८ माणसं. बारा हजारांना मिळून जवळपास २३ मीटर जिना लागतो, आणि तोही चारी बाजूंना वाटून. पाहुण्या संघाच्या लोकांचं दार, जिना, संडास, सगळं वेगळं. १६ ऑगस्ट १९८० ला ईडन गार्डन्सवर, म्हणजे क्रिकेटच्याच मैदानावर, ईस्ट बंगाल आणि मोहन बागानच्या फुटबॉल सामन्यात स्टँडमध्ये मारामारी होऊन चेंगराचेंगरी झाली आणि १६ जण गेले. क्लबच्या बैठकीत खर्चाला कात्री लावायची वेळ आली की पहिली नजर जिन्यांवरच जाते. तिथे मी ऐकत नाही. दर्शनी भिंतीवरची जाळी काढा म्हणते.

हे सगळं ऐकून झालं की काका हमखास विचारतात, "बरं, मग तुझ्या त्या स्टेडियमात अधूनमधून क्रिकेट तरी होईल ना?" नाही होणार, काका. खेळपट्टी लांबीत टाकली तरी बाजूची रेषा ३४ मीटरवर. एकदिवसीय सामन्यातलं तीस यार्डांचं वर्तुळच २७ मीटरच्या पुढे जातं. त्या वर्तुळापासून सात मीटरवर सीमारेषा आणि तिच्या मागे लगेच पहिली रांग. पॉइंटवर चुकून उडालेला झेल प्रेक्षकच घेतील, आणि पंचांना सिक्स द्यावा लागेल.