कारण सांगणारी प्रणाली: ईआयए अहवालाचा माझा अनुभव

बडोद्याबाहेरच्या एका रासायनिक कारखान्याच्या विस्ताराचा ईआयए, म्हणजे पर्यावरणीय आघात मूल्यांकन अहवाल, माझ्याकडे आला. कारखाना औद्योगिक वसाहतीच्या हद्दीबाहेर, त्यामुळे केंद्राच्या २००६ च्या ईआयए अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणी आलीच. ऑफिसने ठरवलं, या वेळी एआय आणि तज्ज्ञ प्रणाली, म्हणजे तज्ज्ञांनी दिलेल्या नियमांवर चालणारा संगणक प्रोग्राम, दोन्ही वापरायच्या.

एआयने सेंटिनेल-२ च्या उपग्रहचित्रांवरून दहा किलोमीटर त्रिज्येचा जमीनवापराचा नकाशा झटपट करून दिला. पण विश्वामित्री नदीच्या घळींलगतचा एक मोठा पट्टा त्याने ‘पडीक’ दाखवला. जाऊन बघितलं तर तिथे गुरं चरत होती, बाभळीखाली दोघं गुराखी डबा खात बसले होते. ते गावाचं गायरान होतं. ‘पडीक’ तसंच राहिलं असतं, तर गुरांच्या चाऱ्याचा प्रश्न अहवालात आलाच नसता. जागेवरची निरीक्षणं देऊन मॉडेल पुन्हा शिकवलं. वन्यजीवांच्या प्रकरणाचा मसुदाही एआयकडून करून घेतला होता. वाचायला छान, पण कुठलं वाक्य कशाच्या आधारावर हे कळेना. तो मी बाजूला ठेवला.

तज्ज्ञ प्रणालीचं तसं नाही. आघात मोजायचा जुना मार्ग म्हणजे १९७१ चा लिओपोल्ड तक्ता: कुठल्या कृतीचा कुठल्या घटकावर किती आघात ते त्यात भरायचं. १०० कृती आणि ८८ पर्यावरणीय घटक, म्हणजे ८,८०० चौकटी. तीन जणांना भरायला दिल्या तर तीन उत्तरं येतात. आमच्या प्रणालीत अनुभवी लोकांचं ज्ञान ‘जर-तर’ नियमांत बसवलेलं होतं, आणि प्रत्येक निष्कर्षाखाली तो कुठल्या नियमांमुळे आला ते छापून यायचं. म्हणूनच तिची चूक पकडता आली.

विश्वामित्रीतल्या मगरींवरचा आघात तिने ‘कमी’ दाखवला. ईआयएसाठी पावसाळा सोडून एका हंगामाची मोजणी चालते आणि आमची हिवाळ्यातली होती. दांडिया बाजारातले एक काका मगरींच्या गणनेला जातात, त्यांना कागद दाखवला.

“अगं, डिसेंबरात घरटी कुठून दिसणार?” काका म्हणाले. “मार्च-एप्रिलात चल माझ्याबरोबर.”

मगर कोरड्या काठात खड्डा करून अंडी घालते आणि पावसाच्या सुमाराला पिल्लं बाहेर येतात. मग नियमच बदलून घेतला: नदीकाठ परिसरात असेल आणि विणीच्या हंगामात पाहणी झालेली नसेल, तर उत्तर ‘कमी’ नाही, ‘माहिती अपुरी’. माझ्या मते सगळ्या कामातला हा सर्वांत मोलाचा नियम. काठावरच्या उतारावर उकरलेली माती काकांनी दुरूनच दाखवली, तेव्हा तर खात्रीच पटली.

जनसुनावणीत एका शेतकऱ्याने गुजरातीत विचारलं, “आमचं बोअरचं पाणी बिघडणार नाही हे कशावरून म्हणता?” मी नियमांची साखळी उलगडून सांगितली: भूजलाची पातळी, मातीचा प्रकार, उताराची दिशा, तपासलेल्या बोअर. ते शांतपणे ऐकून म्हणाले, “या यादीत माझी बोअर नाही, आणि ती उताराच्याच बाजूला आहे.” खरंच नव्हती. त्यांचा मुद्दा इतिवृत्तात गेला आणि त्यांच्या पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत.

अंतिम अहवालाला त्या बोअरचे आकडे, घरट्यांची पाहणी आणि नियमांची पूर्ण यादी जोडली. मंजुरीआधी अहवाल तपासणाऱ्या तज्ज्ञ समितीने त्या यादीवरच सर्वाधिक प्रश्न विचारले. मंजुरी आली ती अटींसह: फेब्रुवारी ते जून काठालगत खोदकाम बंद, आणि त्या शेतकऱ्याची बोअर नियमित तपासणीत.