पप्पांच्या पीसीला एसएसडी बसवली

पप्पांचा जुना पीसी चालू व्हायला इतका वेळ घ्यायचा की तोवर चहा पिऊन व्हायचा, म्हणून सांगलीला गेलो तेव्हा रविवारी एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कसारखीच माहिती साठवणारी पण चिपवाली वेगवान डिस्क, बसवायला घेतली. ही २.५ इंची आणि कॅबिनेटमधला कप्पा ३.५ इंची, त्यामुळं मधे ब्रॅकेट लागतंच. स्क्रू मात्र नीट बघून घ्या, हार्ड डिस्कचे जाडे स्क्रू इथं चालत नाहीत, बारीक एम३ (३ मिमी जाडीचे) वालेच लागतात, जबरदस्तीनं पिळले की आटे गेलेच. वायरी दोनच, साटा (डिस्क पीसीला जोडायची पद्धत) डेटाची आणि पॉवरची, दोन्हीला एल आकाराची खाच असते, ती जुळली की हलक्या हातानं बसते. आत फिरणारं काही नसतं म्हणून आडवी-उभी कशीही लावा. पप्पा शेजारी टॉर्च धरून उभे होते, विंडोज झटकन उघडलं तसं म्हणाले, "आरं, झाला पण चालू?"